बीपी, सिझर आणि पाठीतली सुई

जव्हारजवळच्या शिरपामाळाचं नाव निघालं की 1664 आठवतं. सुरतेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचं जव्हारच्या राजांनी इथे स्वागत केलं. त्याच मुलखातला हा मागोवा मात्र राजांचा नाही. बीपी वाढलेल्या गरोदर बाईला सिझरच्या वेळी भूल कशी द्यायची, याबाबत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत डॉक्टरांचं मत कसं पालटलं, त्याचा आहे.

गरोदरपणात बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की झटक्यांची टांगती तलवार असते. खरा उपाय एकच, बाळंतपण उरकणं; ते पुष्कळदा घाईच्या सिझरनेच उरकावं लागतं. पूर्वी अशा बाईला सरसकट पूर्ण भूल देत. त्यात दोन धोके. श्वासनळीत नळी घालताना बीपी उसळी मारतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय आजाराने घसाही सुजलेला असतो, नळी जाता जात नाही. आडगावात हाताशी असलेलं भुलीचं औषध केटामाइन तर स्वतःच बीपी वाढवतं.

मग कमरेखालचा भाग बधिर करणारी पाठीतली सुई का नाही? जर्मनीच्या ऑगस्ट बिअर यांनी ही भूल 1898 मध्येच देऊन दाखवली होती. पण पुस्तकं बजावत, बीपीवाल्या बाईला ती नको, रक्तदाब धाडकन कोसळेल. ही भीती तर्कातून आलेली होती, तिला पुराव्याचा आधार नव्हता, तरी ती कित्येक वर्षं टिकली. 1995 मध्ये अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी तीव्र बीपीच्या 80 बायकांवर पूर्ण भूल आणि पाठीतल्या भुलीच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. तिन्ही नीट पार पडल्या. 2003 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांना तर उलटंच दिसलं: पाठीतल्या सुईनंतर बीपी घसरण्याचं प्रमाण निरोगी बायकांपेक्षा या बायकांत कमी होतं. आज तीच सुई पहिली पसंती आहे. प्लेटलेट फार उतरलेल्या असतील किंवा झटक्यांनी शुद्ध हरपली असेल, तरच पूर्ण भूल. (त्या सुईने कंबर जन्मभर दुखते, हा समज मात्र अजून गावोगाव आहे.)

झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचंही असंच. 1995 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, ज्यात भारतही होता, ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या औषधांपेक्षा सरस ठरलं. 2002 च्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. 2003 मध्ये सोलापूरच्या डॉक्टरांनी भारतीय बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत मांडली. औषध स्वस्त आहे, फक्त गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास आणि लघवी यांवर नजर हवी.

म्हणजे औषध आहे, सुई आहे, ज्ञानही आहे. अडतं ते टोचणाऱ्या हातापाशी. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 मध्ये जव्हार गाजलं, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला, एमबीबीएस डॉक्टरांना भूल शिकवण्याचं 18 आठवड्यांचं सरकारी प्रशिक्षणही आलं. तरी ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत जुळी दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीतून न्यावं लागलं. जव्हारहून नाशिक सुमारे 80 किलोमीटर, तेही घाटातून. तिथवर जाईपर्यंत चढलेलं बीपी थांबत नाही.

सिझरनंतरच्या वेदनेचा विचार तर सगळ्यात उशिरा झाला. दुखण्याने बीपी वाढतं, म्हणजे इथे दुखणं थांबवणं हाही उपचारच आहे. ‘आदिवासी बाई सोशिक असते’ असं म्हणत तिला गोळीविना ठेवणं हा निव्वळ आळस आहे. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी द्यायला भूलतज्ज्ञही लागत नाही.

जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय असो की मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, लोकप्रतिनिधींकडे नव्या इमारतीआधी चोवीस तास हजर राहणारा भूलतज्ज्ञ मागा.