विश्लेषण : पाऱ्याच्या विषाशी पेशी कशा लढतात? रायगडच्या खाड्यांशी त्याचा काय संबंध?

रायगड जिल्ह्यात आंबा नदी धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळते. या खाडीच्या गाळात पाऱ्याचे प्रमाण वाढल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये केली होती. गाळातला पारा तिथेच थांबत नाही. त्याचा काही अंश मासळीत आणि मासळीतून माणसाच्या शरीरात पोहोचू शकतो. मात्र, आपल्या पेशी या विषापुढे अगदीच असहाय नसतात. त्यांचा बचाव कसा चालतो आणि तो कुठे कमी पडतो, याविषयी...

खाड्यांमध्ये पारा येतो कुठून?

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जात असे. अशा कारखान्यांच्या सांडपाण्यातून उल्हास नदीची खाडी आणि ठाणे खाडीत पारा उतरला. उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास अनिरुद्ध राम आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ठाणे खाडी मुंबई बंदराला मिळते आणि त्याच बंदराच्या पूर्वेला उरण आहे. कोळसा जाळल्यावर धुरातून बाहेर पडणारा पारा हाही एक मोठा स्रोत आहे. पारा नष्ट होत नाही, तो केवळ रूप बदलतो. त्यामुळे कारखान्याने पद्धत बदलली, तरी आधीचा पारा गाळात राहतो.

चिखलातला पारा माशात कसा जातो?

खारफुटीच्या काळ्या चिखलात खाली प्राणवायू नसतो. तिथे सल्फेटवर जगणारे काही जिवाणू पाऱ्याला कार्बनचा एक गट जोडतात आणि मिथाइल मर्क्युरी तयार होते. हे काम करणारी दोन जनुके २०१३ मध्ये सापडली. मिथाइल मर्क्युरी शरीरात सहज शोषली जाते आणि सावकाश बाहेर पडते. त्यामुळे प्लवकांपेक्षा छोट्या माशात आणि छोट्यापेक्षा त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात तिचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार याच साखळीतून पसरला होता.

पारा पेशीचे नेमके काय बिघडवतो?

पाऱ्याला गंधकाची विलक्षण ओढ असते. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा आणि गंधक एकत्र खलून काळी कज्जली करतात, ती याच ओढीमुळे. पेशीतील असंख्य प्रथिनांमध्ये सिस्टिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्यातील गंधक-हायड्रोजनच्या जोडीला थायॉल म्हणतात. पारा तिथे चिकटला की प्रथिनाचा आकार बिघडतो आणि त्याचे काम थांबते. थायॉलचे जुने नाव मर्कॅप्टन. त्याचा लॅटिन अर्थच ‘पाऱ्याला पकडणारा’ असा आहे.

मग पेशीची बचावफळी कोणती?

पेशी गंधकाचाच वापर सापळा म्हणून करते. पहिला सापळा ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू पेशीत विपुल असतो. पारा महत्त्वाच्या प्रथिनांपर्यंत पोहोचण्याआधी ग्लुटाथायोन त्याला धरते. यकृताच्या पेशी ही जोडी पित्तात ढकलतात.

दुसरा सापळा मेटॅलोथायोनिन. सुमारे ६० अमिनो आम्लांच्या या प्रथिनात २० सिस्टिन असतात. जड धातू आत आला की पेशी ते अधिक प्रमाणात बनवते. मूत्रपिंडात असेंद्रिय पारा बांधून ठेवण्याचे काम मुख्यतः हेच करते.

तिसरी गोष्ट धोक्याच्या घंटेची. कीप-१ नावाचे प्रथिन एरवी एनआरएफ-२ या प्रथिनाला रोखून धरते. पारा कीप-१ च्या सिस्टिनला चिकटला की ही पकड सुटते. मग एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जाऊन ग्लुटाथायोन बनवणारी जनुके सुरू करते. म्हणजे विषाचा स्पर्श झाला की संरक्षणाचे उत्पादन वाढते. सेलेनियमही पाऱ्याशी घट्ट बांधले जाते. पण त्यात शरीराला आवश्यक असलेले सेलेनियमही खर्ची पडते.

बचाव कमी कुठे पडतो?

मिथाइल मर्क्युरी सिस्टिनला जोडली गेली की ती मेथिओनिन या अमिनो आम्लासारखी दिसते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील वाहक तिला आपलेच समजून आत घेतात. ती वारेतूनही पलीकडे जाते आणि बाळाच्या नाळेतील रक्तात तिचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळते. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो.

पित्तातून आतड्यात गेलेल्या मिथाइल मर्क्युरीचा बराच भाग पुन्हा शोषला जातो. त्यामुळे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण ५० दिवस लागतात. त्याआधी नवी भर पडत राहिली, तर साठा वाढतो.

जिवाणूंना हे अधिक चांगले जमते का?

होय. काही जिवाणूंकडे ‘मेर’ नावाचा जनुकसंच असतो. त्यातील मेर-बी हे विकर कार्बन आणि पाऱ्याचा बंध तोडते. मेर-ए सुट्या झालेल्या पाऱ्याचे रूपांतर वाफ होणाऱ्या धातुरूप पाऱ्यात करते आणि तो पेशीबाहेर उडून जातो. माणसाच्या पेशींत ही विकरे नाहीत. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एन. रमैया आणि जयशंकर डे यांनी २००३ मध्ये भारतीय किनाऱ्यावर पारा-प्रतिरोधक जिवाणूंची संख्या वाढल्याचे दाखवले. ही वाढ दिलासा नसून प्रदूषणाची खूण मानावी लागते. शिवाय उडालेला पारा हवेतून पुन्हा कुठेतरी खाली येतोच.

मग मासे खायचे की नाही?

गाळात पारा आहे म्हणून बाजारातला प्रत्येक मासा विषारी ठरत नाही. प्रथिने आणि ओमेगा-३ साठी मासळी उत्तमच. प्रश्न प्रमाणाचा आणि जातीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. ६० किलो वजनाच्या महिलेसाठी ती ९६ मायक्रोग्रॅम होते. किलोमागे ०.१ मिलिग्रॅम मिथाइल मर्क्युरी असलेला मासा असेल, तर आठवड्याला ९६० ग्रॅमपर्यंत चालेल; ०.५ मिलिग्रॅम असेल, तर १९२ ग्रॅमलाच मर्यादा गाठली जाते.

त्यामुळे गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांसाठी मांदेली, तारली, बांगडा अशी छोटी, कमी वयाची मासळी बरी. मुशी आणि मोठी सुरमई यांसारखे शिकारी मासे त्यांनी टाळावेत किंवा क्वचित खावेत. मासा धुतल्याने, तळल्याने किंवा उकळल्याने पारा जात नाही, कारण तो मांसातील प्रथिनांना बांधलेला असतो. ‘डिटॉक्स’च्या नावाने विकली जाणारी पेये किंवा सेलेनियमच्या गोळ्या हा त्यावरचा उपाय नाही. विषबाधेचा संशय असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त, लघवी किंवा केसांची तपासणी करता येते.

मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पारा वापरून कॉस्टिक सोडा बनवणे थांबवण्यासाठी करारात २०२५ ची मुदत होती. नवा पारा थांबला, तरी जुना पारा गाळात असतो. त्यामुळे खाडीत गाळ उपसताना तो उपसण्यापूर्वी तपासणे आणि किनाऱ्यावरच्या मासळीची जातवार, नियमित चाचणी करून निष्कर्ष मच्छीमारांपर्यंत मराठीत पोहोचवणे आवश्यक ठरते. पेशींची बचावफळी मर्यादित आहे. तिच्यावर येणारा भार कमी करणे मात्र यंत्रणांच्या हाती आहे.