जीप किती उंच करावी?

जुनी जीप दारी आली, की चार दिवसांत धन्याला वाटू लागते, ही आणखी थोडी उंच हवी! हौसच ती. पण ती पुरवण्यापूर्वी जरा गाडीखाली वाकून पाहावे.

महिंद्रांची सीजे ३४० असो वा मारुतीची जिप्सी, दोहींत पुढेमागे अखंड आस आणि पाटे. पाटे उंच केले, की वर जाते ती नुसती बॉडी. डिफरन्शियलचा गोळा आसाबरोबर जागच्या जागी राहतो, आणि दगडाला लागतो तो नेमका तोच! त्याला उचलतो मोठा टायर. तेव्हा त्या टायरपुरती जागा झाली, की पुरे; दीड-दोन इंचांत काम भागते.

पुष्कळदा तर जुने पाटे बसलेले असतात. नवे घालताच हरवलेली उंची परत मिळते. लांब शॅकलचा स्वस्त उपाय कुणीतरी सुचवतोच. दोन इंच लांब शॅकलने गाडी चढते जेमतेम इंचभर, आणि आसाचा कल बदलून स्टिअरिंग भरकटते ते निराळेच. अति उंचीने शाफ्टचे क्रॉस झिजतात, ब्रेकचा होज ताणला जातो. त्यात मागे मुले, टपावर सामान आणि वरंधा घाटाचे वळण! उंच गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. म्हणून आधी आर. टी. ओ. कचेरीत चौकशी करावी, मग गॅरेज गाठावे.