ओढ्यांची मोजदाद आणि काटकसरीचे गणित

अमेरिकेच्या वायव्य भागात, आयडाहो राज्याच्या मध्यावर, सुमारे चोवीस लाख एकरांचे एक अरण्य आहे. १९८० साली तेथील संसदेने कायदा करून ते राखून ठेवले आणि पुढे फ्रँक चर्च या सिनेटरचे नाव त्याला देण्यात आले. १९६४ च्या अरण्य-कायद्याखाली येणाऱ्या अशा प्रदेशात नवा रस्ता काढता येत नाही, मोटार नेता येत नाही. पायवाटेवर आडवे पडलेले झाड दूर करायचे तरी सहसा हातकरवतच चालवावी लागते. डोंगरावरचे बर्फ वितळून ओढ्यांचा लोंढा ओसरला, की जून ते सप्टेंबर या काळात या आणि आसपासच्या रानांत लहान लहान तुकड्या पाठीवर तंबू, शिधा आणि मापाची साधने घेऊन शिरतात. ठरलेल्या ओढ्यापर्यंत पोचण्यासाठी कित्येकदा दिवसभराची किंवा त्याहून अधिक पायपीट करावी लागते. तेथे पोचल्यावर ही मंडळी जे करतात, ते पाहणाऱ्याला निव्वळ खुळेपणाचे वाटावे. ती गार पाण्यात वाकून दगड मोजतात.

या तुकड्यांत बहुतेक महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण-तरुणी असतात. त्यांची नेमणूक हंगामापुरती. हिवाळा आला की दुसरे काम शोधायचे. सरकारी खर्चाला कात्री लावण्याची वेळ येते, तेव्हा ‘ही दगड मोजणारी माणसे हवीत कशाला?’ असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रश्न गैरवाजवी नाही. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास सार्वजनिक खर्चाविषयीच्या आपल्या काही पक्क्या समजुती तपासून पाहाव्या लागतात.

काय मोजतात, कशासाठी?

कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील काही मासे गेल्या शतकाच्या अखेरीस कायद्याच्या संरक्षणाखाली आले. कोलंबियाची उपनदी असलेल्या स्नेक नदीतील सॉकाय सॅमन १९९१ साली, त्याच नदीतील चिनूक सॅमन १९९२ साली, स्टीलहेड १९९७ साली आणि खोऱ्यातील बुल ट्राउट १९९८ साली. केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवर चालणारी गुरचराई, वृक्षतोड आणि रस्तेबांधणी यांमुळे या माशांची घरे मोडत नाहीत, हे दाखवण्याची जबाबदारी साहजिकच वनसेवेवर आणि भूमिव्यवस्थापन विभागावर आली. त्यासाठी युटा राज्यातील लोगन या गावी एक निरीक्षण-योजना उभी राहिली. १९९८ साली तिची चाचणी सुरू झाली आणि २००१ पासून ती पूर्ण प्रमाणात चालू लागली. खोऱ्यातील हजाराहून अधिक जागा निवडण्यात आल्या आणि बहुतेक जागी दर पाच वर्षांनी परत जायचे, असा क्रम ठरला.

मोजायचे ते फार साधे असते. ओढ्याचे पात्र पूर भरून वाहताना किती रुंद होते. काठ पक्का आहे की गुरांच्या खुरांनी ढासळला आहे. काठाखाली मासा लपेल अशी कपार आहे काय. पात्रात ओंडके किती पडले आहेत. दगडांच्या बुडाशी कोणत्या किड्यांच्या अळ्या आहेत. दगड मोजण्याची रीत १९५४ साली वोलमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुचवली. पात्रातून ठराविक अंतराने चालत जायचे, नजर दुसरीकडे ठेवून बोटाला जो दगड प्रथम लागेल तो उचलायचा आणि त्याच्या मधल्या बाजूचे माप घ्यायचे. डोळ्यांनी निवडला तर माणूस मोठा आणि देखणा दगडच उचलतो, म्हणून ही खबरदारी. असे शंभर किंवा त्याहून अधिक दगड मोजले म्हणजे पात्रात खडी किती आणि बारीक गाळ किती, हे कळते. सॅमन आणि ट्राउट खडीत अंडी घालतात. खडीच्या फटी गाळाने बुजल्या की अंड्यांपर्यंत प्राणवायू पोचत नाही. वरच्या अंगाला निघालेल्या रस्त्याची माती खालच्या माशाच्या मुळावर येते ती अशी.

डोहाची खोली मोजण्याची युक्ती तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही आवडेल. पाणी रोज कमीजास्त होते. मग आजची खोली आणि पाच वर्षांनंतरची खोली यांची तुलना कशी करायची? त्यासाठी डोहाच्या तळातील सर्वांत खोल जागेचे माप घेतात आणि डोहातून पाणी ज्या उंबऱ्यावरून पुढे जाते तेथील खोली त्यातून वजा करतात. उरते ती प्रवाह थांबला तरी डोहात राहील एवढ्या पाण्याची खोली. किमतींच्या चढउतारातून खरे उत्पन्न वेगळे काढावे, तसाच हा प्रकार आहे.

जुन्या वह्यांची साक्ष

अशा नोंदींचे मोल एकदम कळत नाही. १९३४ साली अमेरिकेच्या मत्स्य विभागाने कोलंबिया खोऱ्यातील ओढ्या-नद्यांची पायी पाहणी सुरू केली. मोठ्या धरणांचे युग नुकतेच उजाडत होते. पुढील काही वर्षांत शेकडो प्रवाह चालून त्यांतील डोह आणि तळाची खडी यांची नोंद करण्यात आली. नंतर ही दप्तरे कित्येक दशके कोणाच्या कामी आली नाहीत. १९८७ पासून वनसेवेच्या शास्त्रज्ञांनी त्याच प्रवाहांपैकी अनेकांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा जुन्या वह्या बोलू लागल्या. जेथे वृक्षतोड, चराई आणि रस्ते झाले होते तेथील मोठे डोह घटले होते. जे प्रवाह अरण्यात जवळजवळ अस्पर्श राहिले होते, तेथे ते टिकून होते किंवा वाढलेही होते. एखाद्याने आठवणीवर भिस्त ठेवून हे सांगितले असते तर ते म्हाताऱ्या माणसाचे रडगाणे ठरले असते. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेल्या ओढ्यालाच मूळचा ओढा समजते. वहीला मात्र तरुणपण नसते.

तज्ज्ञांच्या चुकाही नोंदींमुळेच उघड होतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर आणि त्यानंतरही काही काळ ओढ्यात पडलेले ओंडके म्हणजे माशांच्या वाटेतील अडथळा, असे समजून ते सरकारी खर्चाने काढून टाकण्यात येत. पुढे ध्यानात आले की, ओंडक्याला अडून पाणी तळ खोदते आणि डोह तयार होतो. ओंडका काढला की डोहही जातो. मग तेच ओंडके सरकारी खर्चाने पुन्हा पात्रात आणून टाकण्याची पाळी आली. या दोन्ही खर्चांच्या तुलनेत दगड मोजणाऱ्यांचे वेतन ते काय!

ओढा की धरण?

अरण्यातील ओढ्यांची मोजदाद विशेष महत्त्वाची ठरते, तिचे कारण वेगळे आहे. आयडाहोच्या सॉकाय सॅमनला समुद्रातून आपल्या जन्मस्थानी परतायचे तर सुमारे चौदाशे किलोमीटर उलट्या प्रवाहात पोहावे लागते आणि वाटेत आठ धरणे पार करावी लागतात. १९९२ साली रेडफिश सरोवरापर्यंत असा एकच मासा पोचला. दोष कोणाचा? धरणांचा, मासेमारीचा, समुद्राच्या बदलत्या तापमानाचा, की जन्मस्थानच बिघडल्याचा? वीज कंपन्या ओढ्याकडे बोट दाखवतील, लाकूडवाले धरणाकडे. अरण्यातील ओढ्याची माहिती हाती असेल तर निदान एका साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. घर शाबूत असून मासा येत नसेल, तर चोर वाटेत आहे. शिवाय, ज्या ओढ्याला माणसाचा हात लागलेला नाही तो इतर ओढ्यांसाठी मापदंड ठरतो. दुष्काळाने दोन्ही ओढे बिघडले आणि गुरांनी एकच बिघडला, हा भेद त्याच्यावाचून करता येत नाही.

याचे फळ मिळाले आहे. २००१ पासूनच्या नोंदींच्या आधारे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केंद्र सरकारच्या जमिनीवरील ओढ्यांची स्थिती अनेक बाबतींत सुधारल्याचे दिसून आले आणि नव्वदच्या दशकात बदललेल्या धोरणांचा त्यात वाटा असावा, असा निष्कर्ष निघाला. उलट २०२३ साली ओरेगन स्टेट विद्यापीठातील एक अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, खोऱ्यात चाळीस वर्षांत सुमारे नऊ अब्ज डॉलर खर्च होऊनही वन्य सॅमनच्या संख्येत निव्वळ वाढ झाल्याचा पुरावा मिळत नाही. पहिला निष्कर्ष सुखद, दुसरा कटू. दोन्ही शक्य झाले, कारण कोणीतरी वर्षानुवर्षे मोजत होते. बॉनव्हिल धरणावर वर चढणारे मासे १९३८ पासून मोजले जात आहेत. ती गणती नसती तर नऊ अब्जांचा हिशेब कोणी आणि कशाच्या आधारावर मागितला असता?

स्वस्त ते आधी कापावे

असे असताना सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने जाहीर केले की, पैशाच्या टंचाईमुळे पुढील आर्थिक वर्षात आग विझवणारे सोडून कोणतेही हंगामी कर्मचारी नेमले जाणार नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने परिवीक्षेवरील हजारो कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. पुढच्याच महिन्यात त्यांपैकी अनेकांना परत घेण्याचे आदेश निघाले. या उलटसुलट कारभाराची राजकीय चिकित्सा येथे अभिप्रेत नाही. प्रश्न काटकसरीच्या तर्काचा आहे. कायम नोकराला काढणे अवघड, ठेकेदाराचा करार मोडणे महाग; हंगामी माणसाला मात्र काढावेही लागत नाही, नुसते बोलावले नाही की झाले. कापणे सोपे म्हणून जे प्रथम कापले जाते ते निरुपयोगीच असते, असे मात्र नाही.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणून जी कल्पना आहे, तिचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ओढ्याच्या तळाची माहिती सर्वांच्या उपयोगाची, म्हणून ती विकत घ्यायला कोणीच पुढे येत नाही. तिचे पैसे आज मोजावे लागतात आणि फळ वीस वर्षांनी मिळते. निवडणुका त्याआधी पाच वेळा होऊन जातात. आणखी एक गोष्ट अशी की, ही वस्तू नंतर घेता येत नाही. पूल यंदा बांधला नाही तर पुढील वर्षी बांधता येईल, कदाचित अधिक किमतीला. गेलेला उन्हाळा मात्र कोणत्याही किमतीला मोजता येत नाही. पाच वर्षांनी एकदा ज्या जागेची पाळी येते, तिची एक पाळी चुकली की दहा वर्षांचे अंतर पडते. आणि त्या दरम्यान वणवा किंवा महापूर आला, तर बिघाड आधीचा की नंतरचा, हे कायमचे अज्ञात राहते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, उपग्रह आणि लेसर किरणांनी मोजणारी विमाने असताना माणसे कशाला धाडायची? या साधनांचा उपयोग निर्विवाद आहे. बाटलीभर पाण्यातील जनुकीय अंशांवरून ओढ्यात कोणता मासा आहे हेही आता सांगता येते. परंतु ती बाटली भरायलाही कोणीतरी जावे लागते आणि झाडीखालच्या कपारी व खडीतला गाळ वरून नीट दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांची मापे एकसारखी नसतात. ओरेगनमधील बारा ओढे सात निरनिराळ्या गटांनी आपापल्या पद्धतीने मोजले, त्याची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. काही मापे चांगली जुळली, काही जुळली नाहीत. पण यावरून निघणारा धडा मोजणे थांबवण्याचा नाही. पद्धत एकच ठेवावी, शिकवण नीट द्यावी आणि अनुभवी माणसे टिकवावीत, हाच तो धडा. दरवर्षी नवख्यांना उभे करून आणि जुन्यांना वाऱ्यावर सोडून तो गिरवता येणार नाही.

कारकुनाची नोंदवही

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपाचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७३ साली आला. शंभरातील पंचाहत्तर वर्षे हमखास मिळेल असे २०६० अब्ज घनफूट पाणी त्यात धरले होते. हा आकडा लवादाने हवेतून काढला नव्हता. १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदींवर तो उभा होता. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट आले. पहिल्या नोंदी करणाऱ्यांना पुढे तीन राज्ये होतील, त्यांचे भांडण लागेल आणि आपली वही पुराव्यात दाखल होईल, याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांना नेमून दिलेले काम होते आणि ते त्यांनी केले.

म्हणून मोजदादीचा खर्च दरसालच्या अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत न सोडता निदान एका पूर्ण फेरीपुरता, म्हणजे पाच वर्षांसाठी, एकदम मंजूर झाला पाहिजे; आणि हंगामी माणसाला पुढच्या हंगामाची खात्री मिळाली पाहिजे. दोन्ही मागण्या माफक आहेत. मोजण्याने मासा वाढत नाही, हे खरेच. वही लिहिल्याने दुकानही चालत नाही. तरी वही न लिहिणारा दुकानदार तोट्यात आहे की नफ्यात, हे त्याला कळते ते दुकान बंद पडल्यावर. आयडाहोच्या रानात दगड उचलणाऱ्या तरुणाचे माप उद्या कोणाला लागेल, हे आज सांगता येत नाही. ते लागेल त्या दिवशी वहीत त्या वर्षाचे पान कोरे असेल, तर वाचवलेल्या पगाराचा आकडा कोणाच्याही कामी येणार नाही.