पिकअपच्या फॉग लाइटला रिले का हवा

बोळिंज-आगाशीकडून पहाटे भाजी, फुलं घेऊन निघणाऱ्या पिकअपला पावसात आणि धुक्यात फॉग लाइटचा मोठा आधार असतो. खरा प्रश्न वायरिंगचा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर करंट ओढतात. तो सगळा डॅशबोर्डवरच्या लहानशा स्विचमधून नेला, तर स्विच तापून वितळू शकतो आणि दिवेही मंद लागतात. म्हणून रिले बसवाच. त्याच्या ८५ आणि ८६ या टोकांतून स्विचचा किरकोळ करंट जातो, आतल्या कॉइलचं चुंबक बनतं आणि ३० व ८७ ही टोकं जोडली जातात. बॅटरीचा जड करंट तिथून थेट दिव्यांकडे. ३० कडे येणाऱ्या वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, १५ अँपिअरचा फ्यूज घाला. वायर घासून बॉडीला टेकली, तर आग अडवणारा तोच. यात काटकसर नको. अर्नाळ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात अर्थिंगचा जोड लवकर गंजतो. रंग खरवडून नट आवळा, वर ग्रीस लावा. दिवे हेडलाइटच्या खाली, किंचित जमिनीकडे झुकवून बसवा. उंचावर लावले, तर धुक्यावरून परतलेला उजेड चालकाच्याच डोळ्यांवर येतो.