डॉक्टरांपुढे आपण गप्प का बसतो?

दवाखान्यातील टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची जात, भाषा, शिक्षण व लाजही येऊन बसते. रोग्याने काय सांगावे आणि डॉक्टरांनी काय ऐकावे, हे पुष्कळदा तीच ठरवतात.

याचे अत्यंत क्लेशदायक उदाहरण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात नोंदवले आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्यांची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. प्रतिष्ठितांनी रदबदली केल्यावर, दोन रुपये फी घेऊन, तिला वस्तीबाहेर आणल्यास तपासण्याचे त्याने कबूल केले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्यांनी पतीला, पतीने पत्नीला. आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात आकडा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. नंतर तो पुन्हा तपासायला आला नाही आणि ती माउली दगावली. थर्मामीटरने ताप कळतो हो, पण कुठे दुखते, दम कधीपासून लागतो, हे विचारायला माणसाच्या जवळ जावे लागते.

राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. अंतर मात्र दुसऱ्या वाटांनी शिल्लक राहिले. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे' हे ऐकून चांगला रिपोर्ट आला म्हणून निर्धास्त होणारी माणसे आपल्या वस्तीत आहेत. 'जेवणानंतर तीन वेळा' सांगितलेली गोळी, ज्या घरात दोनच वेळा चूल पेटते तिथे दोनदाच घेतली जाते. रोगी 'हो साहेब' म्हणतो म्हणजे त्याला समजले असे नव्हे. आम्ही बँकेच्या काउंटरवर रोज हेच पाहतो. आणि खरे सांगायचे तर, मागे रांग असली की आम्हीही त्या 'हो'वरच समाधान मानतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही कोंडी अधिक घट्ट आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. परंतु पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. 'अंगावरून जाते' हे सांगायचे कोणाला? पुढे तेथील आदिवासींनी त्यांना दवाखान्याची भीती का वाटते तेही सांगितले : मोठी इमारत, पांढरे कपडे घातलेली माणसे, आणि नातेवाइकांना जवळ राहू न देणे. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा, नातलगांसह राहता येईल असा उभारला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. आधी विचारले, म्हणून हे कळले.

आता घरचेच सांगतो. पाळी जाऊन कित्येक वर्षे झालेल्या आमच्या आईला पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. या वयात तो ताबडतोब तपासायलाच हवा. आम्ही तिला एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "काय त्रास होतो, आजी?" आई म्हणाली, "अशक्तपणा वाटतो." डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिले. खरा त्रास तिने घरी सुनेला सांगितला, तोही दीड महिन्याने. आम्हाला प्रथम डॉक्टरांचा राग आला. सुनेने विचारले, "तुम्ही खुर्चीला खुर्ची लावून बसला होतात ना?"

बी.ए.ला आम्ही समाजशास्त्र घेतले होते. तरी आईच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये आपणच बसलो आहोत, हे आम्हाला दिसले नव्हते.

दुसऱ्या खेपेला सून बरोबर गेली. कधीपासून, किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे तिने एका चिठ्ठीवर लिहून नेले होते. डॉक्टरांचे सांगून झाल्यावर आईने ते आपल्या शब्दांत त्यांना परत म्हणून दाखवले. एक गोळी कधी घ्यायची ते चुकत होते, ते तिथेच दुरुस्त झाले. पुढील तपासण्या वेळेत झाल्या आणि उपचारही. आम्हाला आईने दारातच सांगितले होते, "तू बाहेर बाकावर बस."

आम्ही बसलो.