चिन्ह बोलतं ते शेजाऱ्यांमुळे

मतदान यंत्रावर उमेदवाराच्या नावापुढे एक छोटं काळं-पांढरं चित्र असतं. घड्याळ दिसलं म्हणून कुणी वेळ पाहत नाही. मतदाराला त्यात पक्ष दिसतो. वस्तूच्या चित्रातून पक्ष कसा दिसू लागतो, हे टप्प्याटप्प्याने पाहिलं तर भाषेतल्या चिन्हांना अर्थ कुठून येतो तेही उलगडतं.

सुरुवात १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून करू. मतदार सतरा कोटींच्या वर आणि १९५१च्या जनगणनेनुसार साक्षरता जेमतेम अठरा टक्के. त्यामुळे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी मतपेटी ठेवली होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं होतं. यांतल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. मतपत्रिकेवर कसलीच खूण करायची नव्हती. आपल्या चिन्हाच्या पेटीत ती टाकली की झालं. १९६२पासून देशभर सगळी चिन्हं एकाच मतपत्रिकेवर आली आणि शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली.

पहिला टप्पा साधर्म्याचा. चित्र पाहताक्षणी ओळखू यायला हवं, म्हणून चिन्हांच्या यादीत पंखा, शिट्टी, कपबशी अशा घरोघरच्या वस्तू दिसतात. निवडणूक आयोगातले आरेखक एम. एस. सेठी १९९२मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी चिन्हं पेन्सिलीने रेखाटत असत. रंगाचा आधार नाही, त्यामुळे सगळा भार बाह्यरेषेवर. आता मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड मताची छापील चिठ्ठी सात सेकंदच दिसते. तेवढ्या वेळात ओळख पटली पाहिजे.

पण साधर्म्याने चित्र आपल्याला वस्तूपर्यंतच नेतं. हात म्हणजे हात, एवढंच. तिथून पुढचा टप्पा संकेताचा, म्हणजे लोकांनी मिळून मान्य केलेल्या अर्थाचा. १९५२मध्ये काँग्रेसची निशाणी बैलजोडी होती. हात तेव्हा फॉरवर्ड ब्लॉक या पक्षाच्या रुईकर गटाकडे होता. रुईकर म्हणजे नागपूरचे कामगार पुढारी. १९६९च्या फुटीनंतर इंदिरा गांधींचा पक्ष १९७१मध्ये गाय-वासरावर लढला आणि १९७८च्या फुटीनंतर त्याने हात घेतला. हत्ती त्या पहिल्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा होता. आज तो बहुजन समाज पक्षाचा आहे. म्हणजे चित्र तेच राहतं आणि संकेत बदलला की अर्थ बदलतो. कधी तर साधर्म्याला जागाच नसते. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याचं चित्र कशाचं काढणार? २०१५मध्ये आलेल्या ‘नोटा’च्या चिन्हात मतपत्रिकेवर काळी फुली मारलेली आहे. तीही शिकूनच कळते.

तिसरा टप्पा फरकाचा, आणि खरी मेख इथेच आहे. फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९१६मध्ये, पुस्तकरूपाने आली. त्यांतला एक मुख्य विचार असा की चिन्हाचं मोल ते इतर चिन्हांपेक्षा वेगळं असण्यावर ठरतं. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत एका महाप्राणाचा, म्हणजे ‘ठ’मधल्या ‘ह’सारख्या श्वासाचा, फरक आहे. तो ऐकू आला नाही तर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतील. मतदान यंत्रावरही हाच नियम लागू होतो. चिन्ह किती सुबक आहे याला महत्त्व नाही, शेजारच्या चिन्हात ते मिसळतं का हे महत्त्वाचं.

हा फरक राखण्यासाठी आयोगाचा १९६८चा चिन्ह आदेश आहे. राष्ट्रीय पक्षाचं चिन्ह साधारणपणे देशभर राखीव, राज्य पक्षाचं त्या राज्यापुरतं. उरलेल्या मुक्त चिन्हांतून अपक्षांना वाटप. धनुष्यबाण महाराष्ट्रात शिवसेनेचा आणि झारखंडमध्ये झारखंड मुक्ती मोर्चाचा असू शकतो, कारण दोघे एका यंत्रावर समोरासमोर येत नाहीत. तसंच आसाममध्ये हत्ती आसाम गण परिषदेचा आहे, बहुजन समाज पक्षाचा नाही.

फरक पुसट झाला की काय होतं, ते २०२४च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह मिळालं होतं. प्रचारात एवढं लांब नाव कोण घेणार? लोकांच्या तोंडी ‘तुतारी’ एवढंच बसलं. इकडे मुक्त चिन्हांत ट्रम्पेट हे वाद्य होतं आणि त्याचं मराठी नावही ‘तुतारी’च दिलेलं होतं. ते ज्या अपक्षाला मिळालं त्याला ३७ हजारांवर मतं पडली; पक्षाचा उमेदवार सुमारे ३२ हजार ७०० मतांनी हरला. ही सगळी मतं चुकून पडली असं म्हणता येणार नाही. पण गोंधळाचं मूळ स्पष्ट आहे. चित्रांमधला फरक माणसाच्या आकृतीत होता आणि बोलण्यातून नेमका माणूसच गळला होता. विधानसभेआधी पक्षाने तक्रार केली, तेव्हा आयोगाने ट्रम्पेट यादीतून काढलं नाही, मात्र पक्षाचं चिन्ह ठळक करण्याची मागणी मान्य केली.

पक्ष फुटला की दोन्ही गट चिन्हासाठी का झगडतात, तेही यावरून समजतं. शिवसेना फुटल्यावर ८ ऑक्टोबर २०२२ला आयोगाने धनुष्यबाण गोठवला. ठाकरे गटाला मशाल मिळाली, शिंदे गटाला ढाल-तलवार; फेब्रुवारी २०२३मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. नवं चित्र आयोग दोन-चार दिवसांत देऊ शकतो. ते पाहून पक्ष आठवण्याची मतदारांची सवय मात्र देता येत नाही. ती पक्षाला वर्षानुवर्षं वापरून पाडावी लागते. म्हणून नवी निशाणी हाती आलेल्या उमेदवाराने दोन कामं आधी करावीत: यंत्रावर दिसेल त्याच आकारात, काळ्या-पांढऱ्यात ती छापून घरोघर दाखवावी, आणि मतदारसंघातली बाकीची चिन्हं समोर ठेवून तिचं बोलतं नाव ठरवावं.