आखूड सावली आणि ‘ड’ जीवनसत्त्व

मुडदूस म्हणजे हाडे मऊ पडून पाय वाकण्याचा रोग. शंभर वर्षांपूर्वी आपल्या नाशिक शहरात त्याची पाहणी झाली होती. डॉ. हचिसन आणि त्यांचे सहकारी पटेल व शहा यांनी 1921 आणि 1922 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतील बायकामुलांत मुडदूस आढळला. उलट अर्धपोटी, पण दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांची मुले बहुतांशी त्यातून सुटली होती! म्हणजे दोष ताटातला नव्हता, बंद दारांचा होता.

उन्हात असे काय असते? सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण कातडीतील कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्यावर पडले की त्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व बनते. पुढे यकृत व मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. पण नेमके हेच किरण वातावरणातील ओझोन शोषून घेतो. सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर असला, तर डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने किरणांना साडेपाचपट हवा ओलांडावी लागते. तेव्हा सकाळचे कोवळे ऊन कितीही गोड लागो, या बाबतीत ते जवळजवळ पोकळच! खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचीही तीच गत.

अंगणात एक काठी उभी करून पाहा. सावली काठीहून आखूड असेल, तर सूर्य 45 अंशांहून वर आहे आणि हे किरण पुरेसे पोचत आहेत. नाशिक 20 उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून 22 डिसेंबरच्या माध्यान्हीसुद्धा सावली काठीहून किंचित आखूडच भरते. त्याच दिवशी लंडनमध्ये ती काठीच्या साडेतीनपटीहून लांब असते! तेथील कातडीला हिवाळाभर हे जीवनसत्त्व जवळजवळ बनवताच येत नाही. (कातडी भाजेपर्यंत उन्हात बसा, असा याचा अर्थ नव्हे.)

आता सर्दी-फ्ल्यूकडे वळू. 2006 मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे दिसले, की क्षयजंतूंची चाहूल लागताच आपल्या संरक्षक पेशी ‘ड’ जीवनसत्त्व स्वतःच कामाच्या रूपात आणतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. प्रयोगशाळेत हे प्रथिन फ्ल्यूच्या विषाणूंनाही नामोहरम करते.

मग गोळ्या घेतल्या की खोकला टळेल? 2017 मध्ये 25 चाचण्यांतील सुमारे 11,000 जणांची माहिती एकत्र तपासली गेली. थोडा फायदा दिसला. विशेषतः ज्यांच्यात मोठी कमतरता होती आणि जे रोज किंवा आठवड्याला थोडी मात्रा घेत होते त्यांना. एकदम मोठी मात्रा घेणाऱ्यांना मात्र काही लाभ झाला नाही. कोविडच्या काळात नॉर्वेत 34,000 हून अधिक लोकांवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची चाचणी झाली. 2022 मध्ये निकाल लागला : फरक शून्य! त्यांच्यापैकी बहुतेकांना कमतरता नव्हतीच. दिव्यातले तेल संपले असेल तर ते घालावे. काठोकाठ भरलेल्या दिव्यात आणखी ओतून उजेड वाढत नाही. 2025 मध्ये 46 चाचण्यांचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हा सर्वांना मिळून ठाम म्हणावा असा फायदा आढळला नाही.

शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे आहे. ‘क’ जीवनसत्त्वाप्रमाणे जादा भाग लघवीवाटे सहज निघून जात नाही. तो साठतो, रक्तातील कॅल्शियम वाढवतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. औषधाच्या दुकानात मिळणारी 60,000 एककांची पुडी डॉक्टर म्हणूनच मोजक्या आठवड्यांसाठी लिहून देतात.